न बांधलेलं ब्रागांझा गॅरट : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, कुडचडे

पावसाने आज दुपारपासून बाहेर पाय ठेवू दिला नाही, म्हणून माळ्यावरचा खोका खाली काढला. पंधरा वर्षांत जमवलेलं मॉडेल रेल्वेचं मोडकं सामान, सगळं ब्रिटिश ओओ स्केलचं (खऱ्याच्या १:७६). दोन ०-६-० टँक इंजिनांच्या चासी (आकडे म्हणजे पुढची लहान, मधली ओढणारी आणि मागची लहान चाकं किती ते), एका २-६-४ टँकचं प्लास्टिकचं अंग (केबिनची मागची भिंत तुटलेली), त्याच्या चाकांचे दांडे आणि वॉल्शार्ट गिअर (सिलिंडरच्या झडपा हलवणारी जोडणी), एका २-८-० चे तेवढेच सुटे भाग, चार-पाच डोम, एक वाकडं धुराडं. बफर मूठभर. यातून धड एकही इंजिन उभं राहत नाही. पण कधी अस्तित्वात नव्हतं असं एखादं उभं राहू शकतं.

नियम एकच ठरवला. इंजिन काल्पनिक असलं तरी रूळ खरे हवेत. रूळ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहेत. मुरगाव ते कॅसलरॉक, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची लाइन, १८८८ मध्ये घाटापलीकडे जोडली गेली तेव्हा मीटरगेज होती आणि नव्वदीच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच राहिली. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट. चढ सुमारे एकास चाळीस. आजही तिथे मालगाडीला मागून ढकलायला बँकर लागतात.

१७ जून

रात्री झोप लागेना. खोक्यात आठ चाकांची जोडणी मिळत असेल तर २-१०-० का नाही, असा विचार आला. सकाळी चहाबरोबर कागदावर काढून पाहिलं. दिसायला राक्षस. पण दहा चाकं एकाच ताठ चौकटीत बसवून घाटातल्या वळणांवर घातली तर रूळ वाकतील किंवा इंजिन खाली जाईल. रद्द.

२३ जून

आजचा दिवस कॅल्क्युलेटरवर गेला. ओओचं प्रमाण १:७६ आणि रूळ १६.५ मिलिमीटर. त्याच रुळावर मीटरगेज दाखवायचं तर प्रमाण बदलायचं, रूळ नाही. १६.५ गुणिले ६० म्हणजे ९९० मिमी. दहा मिमीची चूक मी स्वतःला माफ केली. म्हणजे प्रमाण १:६०.

आता गंमत बघा. टँक इंजिनाचं चाक ओओत ४ फूट ७ इंचांचं, मोजलं तर १८.३ मिमी. तेच चाक १:६० ने वाचलं की १,१०० मिमी, म्हणजे ३ फूट ७ इंच. घाटातल्या मालगाडीच्या इंजिनाला शोभणारं माप, आणि मी काहीच केलेलं नाही. तुलनेसाठी, नंतरच्या काळातल्या मीटरगेज मालगाड्यांच्या वायजी इंजिनाचं चाक ४ फुटांचं होतं आणि प्रवासी गाड्यांच्या वायपीचं साडेचार फुटांचं. चढाला लहान चाक, वेगाला मोठं.

सगळेच भाग असे बदलत नाहीत. २-६-४ च्या केबिनचा दरवाजा २४ मिमी उंच. ओओत तो १.८ मीटर, माणूस सरळ आत जातो. १:६० मध्ये तोच दरवाजा १.४ मीटरचा. फायरमनला रांगत जावं लागेल. प्रमाण डोळ्याला चाकांवरून किंवा बॉयलरवरून कळत नाही, ती कितीही मोठी-लहान असू शकतात. माणसाच्या अंगाच्या मापाच्या वस्तू चुगली करतात. दरवाजा, पायरी, हाताची दांडी, खिडकी, कंदील. तेव्हा चाकं, डोम, सिलिंडर ठेवायचे. केबिन, पायऱ्या, दांड्या नव्याने करायच्या.

३० जून

गॅरट करायचं ठरलं.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर चवथीपर्यंत मीच विसरेन. साध्या इंजिनात बॉयलर चाकांवर बसतो. चाकं मोठी केली की बॉयलर वर जातो, आणि भट्टी चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबावी लागते. मीटरगेजवर ती जागा आणखीच कमी. हर्बर्ट विल्यम गॅरट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०७ मध्ये पेटंट मागितलं ते असं : दोन वेगळी इंजिन-युनिटं, एक पुढे, एक मागे. पुढच्यावर पाण्याची टाकी, मागच्यावर कोळसा आणि आणखी पाणी. मध्ये एक चौकट, जणू दोन बैलगाड्यांच्या मध्ये टाकलेली फळी, आणि तिच्यावर बॉयलर. बॉयलरखाली चाकं नाहीतच. म्हणून तो हवा तेवढा जाड, भट्टी हवी तेवढी रुंद आणि खोल. वजन बऱ्याच आसांवर वाटलं जातं, आणि वळणावर तीन तुकडे आपापल्या दिशेने वळतात.

पहिलं गॅरट १९०९ मध्ये बायर पीकॉकने टास्मानियासाठी बांधलं. दुसरीच ऑर्डर दार्जिलिंगच्या रेल्वेची, १९११ ची. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ब्रॉडगेजवर प्रचंड गॅरट चालवली आणि ब्रह्मदेशात मीटरगेजच्या डोंगराळ लाइनवर ती होतीच. म्हणजे १९२० च्या दशकात मीटरगेजचा घाट आणि गॅरट ही जोडी काही अचाट कल्पना नव्हती. फक्त आमच्या घाटात ते आलं नाही.

माझी मांडणी : २-६-२ + २-६-२, साल १९२९, मुरगाव बंदराकडे येणारं मँगनीज आणि घाटावर जाणारा माल. मंजुरी कोण देणार हा प्रश्न आहेच. कंपनीला पोर्तुगीज सरकारची व्याजाची हमी होती आणि लाइन चालवायला मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे दिलेली. दोन मालक, एक तिजोरी, तीही रिकामी. कागदावरच्या इंजिनाला कागदावरचा खजिनदार लागतो. माझा खजिनदार उदार आहे.

७ जुलै

इंजिनाच्या वर्गाचं नाव 'बीजी' ठेवलं होतं, ब्रागांझा गॅरट. भाच्याने वाचलं आणि म्हणाला, "मामा, बीजी म्हणजे ब्रॉडगेज ना?" मीटरगेज इंजिनाच्या टाकीवर बीजी! नाव बदलून 'जीटी'.

१४ जुलै

दोन्ही चासी उघडल्या. पहिली ठीक, ग्रीस मधासारखं घट्ट झालेलं, एवढंच. दुसरीच्या मागच्या टोकाला बोट लावलं आणि कोपरा हातात आला. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिसं मिसळलं गेलं की काही वर्षांनी असं होतं. धातू आतून फुगतो, भेगा पडतात, बिस्किटासारखा भुगा होतो. कोणत्या कंपनीची चासी ते लिहीत नाही, ती मला एका विकणाऱ्याने "अगदी नवी, खोक्यातली" म्हणून दिली होती. उपाय नाही. भेगा चिकटवता येत नाहीत, कारण फुगणं थांबत नाही.

२८ जुलै

मडगावच्या एका ओळखीच्या माणसाकडे तसलंच ०-६-० निघालं, चाकं गंजलेली पण धातू खणखणीत. त्याच्या बदल्यात माझे दोन प्रवासी डबे गेले. एक हिरवा होता, त्याचं वाईट वाटलं.

१० ऑगस्ट

काल घाटात सोनावळी आणि दूधसागरच्या मध्ये कोळशाची मालगाडी घसरली. गाड्या बंद. गावात दिवसभर तोच विषय. संध्याकाळी शेजारचे काका येऊन बसले. तरुणपणी मीटरगेजवर फायरमन होते, आता ऐंशी उलटलेत. टेबलावरचे तुकडे त्यांनी एक एक उचलून पाहिले आणि मी काय करतोय ते शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हिशेबाचा कागद मागितला.

हिशेब असा होता. सिलिंडर १५ इंच व्यास, २२ इंच दट्ट्याची चाल, वाफेचा दाब १८० पौंड, चाक ४३ इंच. ओढ काढायची नेहमीची रीत : दाबाचे ८५ टक्के, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले चाल, भागिले चाकाचा व्यास. एका युनिटला सुमारे १७,६०० पौंड, दोन्ही मिळून ३५,२००, म्हणजे जवळजवळ १६ टन. एकास चाळीसच्या चढावर दर टनामागे नुसत्या चढाचे २५ किलो. त्यात घर्षण आणि वळणं धरून मी ३२ धरले. म्हणजे ५०० टन, त्यातून इंजिनाचे ९५ वजा. चारशे टनांची गाडी एकटं इंजिन वर नेतं. मी खुशीत होतो.

काकांनी विचारलं, "चाकांवर वजन किती?" सहा आसांवर दहा-दहा, साठ टन. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. साठ भागिले सोळा, पावणेचार. "चार तरी पाहिजे. आमच्या पावसात पावणेचाराने चाकं जागच्या जागी गरगरतील. वाळू टाकून टाकून हात दुखतील त्या पोरांचे."

रात्री सिलिंडर साडेचौदा इंच केला. ओढ ३२,९०० पौंडांवर, पंधरा टनांच्या आत, गुणोत्तर चार. गाडी ३७० टनांवर आली. मॉडेलवर हा फरक ०.२ मिलिमीटरचा आहे आणि जगात कुणालाही दिसणार नाही. सिलिंडरसाठी कापलेली प्लास्टिकची नळी तीच ठेवली. कागदावर मात्र बदल केला.

१८ ऑगस्ट

बॉयलर : वायरिंगचा २५ मिमी पीव्हीसी पाइप. १:६० ने दीड मीटर व्यास. २-८-० चा बॉयलर याच्यापुढे बारीक वाटला, तो परत खोक्यात. पाइपचा मध्य रुळापासून ३६ मिमीवर धरला, म्हणजे वरचा काठ ४८.५ वर आणि धुराड्याचं टोक ५६ वर. मीटरगेजच्या उंचीच्या मर्यादेखाली बसतं. पाइपच्या पोटाखाली २३.५ मिमी मोकळे उरतात, तिथे राखेची पेटी आरामात. चाकांवर बसणाऱ्या इंजिनाला ही चैन कधी मिळाली असती?

डोम दोन लावून पाहिले. उंच डोमने ते इंग्लंडच्या एखाद्या गावातलं वाटायला लागलं. कानशीने चार मिमी उतरवला.

२५ ऑगस्ट

मधली चौकट दोन युनिटांवर जिथे टेकून फिरते त्या पिव्होटमधलं अंतर १३५ मिमी. माझ्या वळणाची त्रिज्या ४३८. मधली चौकट वळणाच्या आतल्या बाजूला किती सरकेल? १३५ चा वर्ग भागिले आठपट त्रिज्या, ५.२ मिमी. भट्टीचा कोपरा फलाटाला घासणार. फलाट मागे घेतला. खऱ्या रेल्वेत हे उलट करतात, पण फलाट माझा आहे.

सप्टेंबर

चवथ. माटोळी बांधायची, फळं आणायची, पाहुणे. ते टेबल गणपतीच्या खोलीत गेलं आणि इंजिन पलंगाखाली. काही लिहिण्यासारखं नाही.

२२ सप्टेंबर

पलंगाखालून काढलं तर पितळी दांडे हिरवट. या हवेत तांदळाच्या डब्यात ठेवायला हवे होते.

आज दोन्ही चासी दोन मीटरच्या रुळावर ६ व्होल्टवर सोडल्या. पहिली १४ सेकंद, दुसरी १९. असं चालणार नाही. यात वर्म गिअर आहे. मोटर चाक फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. म्हणजे मागचं युनिट हळू असेल तर पुढचं त्याला घसटत नेणार. दुसरीची मोटर बदलली, ग्रीस पुसून हलकं तेल घातलं. १४ आणि १५. एवढा फरक चाकं घसरून पचवतात.

दांड्यांचं प्रकरण अजून संपलेलं नाही. २-६-४ चे दांडे एका युनिटला, २-८-० चे दुसऱ्याला, आणि दोन्हीची लांबी वेगळी. गॅरटची दोन्ही युनिटं आरशातल्यासारखी असतात, सिलिंडर बाहेरच्या टोकांना. लांब दांडा मधून कापला, चार मिमी काढून टाकले, खाली पितळेची पट्टी घालून सोल्डर केलं. एकदा तुटलं. दुसऱ्यांदा टिकलं.

बाहेरच्या टोकांना का, हेही काकांना सांगितलं होतं. टास्मानियाच्या त्या पहिल्या इंजिनात सिलिंडर आतल्या टोकांना होते, म्हणजे मागचे थेट केबिनखाली. आधीच भट्टीची धग, खालून सिलिंडरची. काका फक्त "अरे देवा" म्हणाले.

६ ऑक्टोबर

केबिन तयार. पॉलिस्टायरीनच्या एक मिमी पत्र्याची, दरवाजा ३१ मिमी, छप्पर उन्हासाठी पुढेमागे वाढवलेलं. टाक्यांवर रिव्हेट : औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा पातळ पत्रा, मागून बोथट सुईने एक एक टोचून. पुढच्या टाकीला २१२. मोजले, कारण दुसरी बाजू तेवढीच करायची होती. डोळे गेले.

काका आले. पाच मिनिटं बघितलं. मग उभे राहिले आणि दोन्ही हातांनी फावडं धरल्यासारखं केलं, मागे वळले, पुढे वळले. "तुझा फायरमन कोळसा घेणार इथून, टाकणार तिथे. मध्ये त्याने उभं कुठे राहायचं?"

केबिन लांबीला २२ मिमी, म्हणजे १.३२ मीटर. त्यात भट्टीचं तोंड १० मिमी आत घुसलेलं. उरले बारा मिमी, ७२ सेंटिमीटर. फावड्याचा दांडाच त्याहून लांब. मी रिव्हेट मोजत बसलो होतो, आणि माणसाला जागाच ठेवली नव्हती. केबिन ३४ मिमी केली. त्यासाठी मधली चौकट वाढवावी लागली, पिव्होट सरकले, १३५ चे १४५ झाले. फलाट परत मागे.

२० ऑक्टोबर

वजन. मॉडेलचं गणितही खऱ्यासारखंच आहे, चाकांवर भार नसेल तर ओढ नाही. टाक्यांत शिसं भरायचं. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी बाजारातून अर्धा किलो आणली. विकणाऱ्या बाईने विचारलं, जाळं केवढं? मी म्हटलं, एक फूट. तिने पुढे काही विचारलं नाही.

पांढऱ्या गोंदात गोळ्या बसवायच्या नाहीत, ही चूक मी दहा वर्षांपूर्वी केली आहे. त्या गोंदात शिसं हळूहळू पांढरं होतं, फुगतं, आणि एके दिवशी टाकीची शिवण उलते. या वेळी इपॉक्सी. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, जेवणापर्यंत थांबायचं नाही, लगेच.

वजन कुठे ठेवलं हेही लिहितो : सगळं दोन टाक्यांत, बॉयलर रिकामा. खऱ्या गॅरटचा हाच दोष आहे. पाणी आणि कोळसा चाकांवरच असतो, म्हणून घाट चढत जाल तसा चाकांवरचा भार कमी होत जातो, नेमका जेव्हा हवा तेव्हा. माझं शिसं संपत नाही.

३ नोव्हेंबर

नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांनी माझा काळा रंग नेला. विचारून नेला, पण सगळा. नरकासुर छान झाला होता म्हणे. पहाटे जाळला, माझ्या रंगासकट.

नवा डबा आणला आणि घाईने मारला, तोही संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर. सकाळी टाक्यांवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका थर. हवेतला ओलावा वाळत्या रंगात अडकला की हे होतं. खरवडून काढताना चाळीसेक रिव्हेट गेले.

१७ नोव्हेंबर

कोरडी सकाळ, दहा वाजता, उन्हात तापवलेलं मॉडेल, पातळ थर. जमलं. बाजूला पिवळ्या अक्षरांत डब्ल्यू. आय. पी. आर. आणि खाली जीटी १. भाच्याने हाताने लिहिलं, 'पी' किंचित जाड आहे. ठेवला.

१ डिसेंबर

एक मीटर फळी, एका टोकाखाली २५ मिमीची लाकडी चकती. हाच माझा ब्रागांझा घाट. एकट्या चासीने शिसं लावून पाच वाघिणी चढवल्या होत्या. जीटी १ ने अकरा चढवल्या, बाराव्याला पुढचं युनिट घसरलं, मागचं ढकलत राहिलं. दुप्पट अपेक्षित होतं त्याहून थोडं जास्त मिळालं. कारण मला वाटतं नव्या वजनाचं आहे, गॅरटचं नाही.

काका फळीच्या वरच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले होते. अकरावी वाघीण वर आल्यावर म्हणाले, "हें उदक खंय घेतलें?" पाणी कुठे घेणार?

मी पुढच्या टाकीचं झाकण दाखवलं, मग मागच्याचं. त्यांनी बोटाने दोन्हीमधलं अंतर मोजलं. कुळ्याला पाण्याचा खांब एक, त्याची सोंड एक.

१५ डिसेंबर

झाकणांमधलं अंतर २०५ मिमी, खऱ्या मापात बारा मीटरपेक्षा जास्त. दोन टाक्यांना जोडणारा पाइप चौकटीखालून घेतला, दोन मिमीच्या पितळी तारेचा. तरी काकांचं समाधान नाही. अशा पाइपातून पाणी सावकाश सरकतं, म्हणतात, आणि मागे गाडी शिट्टी मारत उभी असेल. तेव्हा आता पाण्याचा खांब करायला घेतला आहे, बॉलपेनच्या नळीचा, वर वळती सोंड. इंजिन दोनदा थांबणार. एकदा पुढचं झाकण खांबाखाली, मग २०५ मिमी पुढे येऊन मागचं. रुळाशेजारी दोन्ही थांब्यांच्या जागी खडूने खूण करून ठेवली आहे.